देव लाकडाचा, शिक्का खोटा

21 जुलै 2018 रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची 28वी बैठक झाली आणि दगड, संगमरवर व लाकडाच्या देवमूर्तींवरचा कर शून्यावर आला. सॅनिटरी नॅपकिन आणि राख्यांना दिलेली करमाफीही त्याच बैठकीतली, त्यामुळे चर्चा तिचीच झाली. मूर्तींचा निर्णय चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात जे राहून गेले त्याबद्दल. मूर्ती कुणी आणि कशाने घडवली, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. शिवण लाकडाच्या एका ठोकळ्यापुढे आठवडेच्या आठवडे बसून पटाशीने काढलेला कृष्ण आणि संगणकावर आराखडा चढवून एका रात्रीत डझनाने उतरवलेला कृष्ण, दोन्ही सरकारदरबारी एकाच रांगेत बसले. त्यानंतरच्या वर्षांत बाजाराने या रांगेचा पुरेपूर फायदा घेतला आहे. हे असेच चालले, तर देवघरासाठी हाताने लाकडी मूर्ती कोरणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत शेवटची ठरेल.

कोणत्याही ऑनलाइन दुकानात ‘हस्तकोरीव लाकडी गणपती’ शोधून पाहा. पानेच्या पाने भरतात. किमती काहीशे रुपयांपासून सुरू होतात. वर्णनात ‘कुशल कारागिरांच्या हातची’ हे शब्द ठरलेले. त्याच वर्णनात दोन ओळी खाली लिहिलेले असते की मूर्ती पाण्याने धुता येते. लाकडाची मूर्ती रोज पाण्याने धुतली तर ती फुगते, तडकते, रंग सोडते, हे ज्याच्या घरी पूर्वापार लाकडी देव आहे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. तिथे देवाला कोरड्या फडक्याने पुसतात आणि अभिषेक ताम्हनातल्या सुपारीवर किंवा धातूच्या छोट्या मूर्तीवर करतात. जगन्नाथपुरीत स्नानपौर्णिमेला दारुमूर्तींना 108 घटांनी स्नान घातले की रंग उतरतात, म्हणून देव पंधरा दिवस दर्शनाला बंद असतात. तेव्हा बिनदिक्कत धुता येणारा लाकडी देव बहुधा रेझिनचा असतो. साच्यात ओतलेला, वरून तपकिरी रंग देऊन लाकडाच्या रेषा ओढलेला. रेझिन प्लास्टिकच्या वस्तूंत मोडते आणि त्यावर कर आहे. म्हणजे हा माल लाकूड म्हणून विकणारा ग्राहकाला फसवतो आणि जमल्यास सरकारी तिजोरीलाही.

रेझिन ओळखणे तसे सोपे. मूर्ती उलटी करून बैठक पाहा. खऱ्या लाकडाच्या तळाला कापलेल्या खोडाची वलये किंवा आडवा छेद दिसतो आणि समोरची रेघ तळापर्यंत उतरलेली असते. ओतीव मूर्तीच्या कडेने साच्याची बारीक शिवण जाते. यंत्राने कोरलेली मूर्ती ओळखणे अधिक कठीण, कारण लाकूड खरेच असते. मात्र कोरणाऱ्या यंत्राचे, म्हणजे राउटरचे, पाते फिरते असते, त्याची टोके गोल. त्यामुळे बोटांच्या बेचक्यात, सोंडेच्या मागे, कानाच्या पाळीखाली ते धारदार कोपरा काढू शकत नाही. तिथे गोलसर खळगा राहतो आणि भिंगातून पाहिले तर एकमेकांना समांतर अशा केसासारख्या रेघा दिसतात. शिवाय डावा डोळा उजव्याची हुबेहूब नक्कल असतो. माणसाच्या हाताला ते जमत नाही, आणि त्याला ते करायचेही नसते.

पण खरा फरक दिसतो बासरीत. वेणुगोपाळाची मूर्ती उभ्या लाकडात काढतात, म्हणजे लाकडाची रेघ डोक्यापासून पायापर्यंत उतरते. बासरी मात्र आडवी. रेघेला आडवी अशी करंगळीएवढी काडी कोरली की ती धक्क्याने मोडते. जाणता कारागीर म्हणून बासरी वेगळ्या तुकड्यातून, लांबीत रेघ धरून काढतो आणि खाच पाडून बसवतो. किंवा ती खांद्यालगत अशी टेकवतो की तिला आधार मिळेल. कोणता हात कुठे वळवायचा, गाठ कुठे लपवायची, मुद्रा कुठवर उघडायची, हे सगळे तो ठोकळा हातात घेऊन, उन्हात फिरवून ठरवतो. तालमानाचे गणित वेगळेच: चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, गणपती पाच तालांचा, बाकीचे देव त्याहून उंच. डोळे सर्वांत शेवटी. यंत्र लाकडाची रेघ पाहत नाही. ते प्रत्येक ठोकळ्यावर तीच आज्ञा पाळते, आणि मग घरी पोचलेल्या पार्सलात बासरी मूर्तीपासून वेगळी निघते. विक्रेता त्यावर ‘नैसर्गिक लाकडाचे वैशिष्ट्य’ अशी मखलाशी करतो.

ही कला जपणाऱ्यांतला एक समाज महाराष्ट्र आणि गोव्याच्या अगदी शेजारचा आहे. कर्नाटकातले गुडीगार: सागर, सोरब, शिरसी, कुमठा, होन्नावर या पट्ट्यात विखुरलेले. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून खाली उतरलो, असे त्यांची परंपरा सांगते. चंदनाच्या मूर्ती आणि पेट्या, मंदिरांचे रथ आणि पालख्या, भेंडाची बाशिंगे ही त्यांची कामे. मुंबई-पुण्याच्या कित्येक देवघरांत म्हैसूरहून आणलेला म्हणून जो चंदनाचा गणपती वा श्रीकृष्ण आहे, तो मुळात यांच्या पटाशीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

या माणसांच्या हातातून कच्चा माल टप्प्याटप्प्याने निसटला. 1986 च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. चंदनाचे दुखणे जुने. टिपू सुलतानाने 1792 मध्ये चंदन हे राजवृक्ष ठरवले आणि पुढच्या सरकारांनी ती मक्तेदारी दोनशे वर्षे चालवली. झाड तुमच्या शेतात, पण मालक सरकार. मग शेतकऱ्याने लावावे कशाला? रोप उगवलेले दिसले की उपटून टाकणे हाच शहाणपणा. भरीला चोरटी तोड आणि 1899 पासून नोंद असलेला स्पाइक रोग. 1950 च्या दशकापर्यंत वर्षाला सुमारे चार हजार टन निघणारा गाभा शतक संपता संपता चारशे टनांच्या आसपास आला. कर्नाटकाने 2001 मध्ये कायदा बदलून चंदनाची मालकी जमीनमालकाला दिली, पण तोवर उशीर झाला होता, कारण चंदनात कोरण्याजोगा गाभा तयार व्हायला दशके लागतात. आज भारतीय चंदनाची विस्तीर्ण लागवड पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुर्राजवळ उभी आहे. इकडे गुडीगाराला चंदनाचा तुकडा सरकारी डेपोतून किलोला हजारो रुपये मोजून घ्यावा लागतो, म्हणून तो शिवणाकडे वळला. शिवण चांगले लाकूड: हलके, तडकत नाही, पटाशी सहज घेते. पण राउटरही ते तितक्याच सहज घेते. चंदनात यंत्राची चूक कुणाला परवडत नव्हती, म्हणून हाताला मान होता. शिवणात ते कुंपण उरले नाही.

आम्हांला यंत्राचा राग नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे. कितीतरी चांगले कारागीर स्वतःच ठोकळ्याचा कच्चा आकार यंत्राने काढून घेतात आणि चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या हाताने करतात. त्यात लबाडी नाही. पाठीचा कणा वाचतो आणि दोन मूर्ती जास्त होतात. ज्याला दीड हजारांत लाकडी देव हवा आहे त्याने यंत्राचा घ्यावा, देवाला त्याने उणेपण येत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत दगडानंतर लगेच लाकूड येते आणि मनात कल्पिलेली मूर्तीही चालते. आक्षेप एवढाच आहे की यंत्राच्या मालाने हाताचे नाव आणि हाताची किंमत घेऊ नये. कारण तसे झाले की हाताचा माल महाग आणि संशयास्पद ठरतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘तिकडे हेच अठराशेला मिळते, तुम्ही नऊ हजार कसे सांगता?’ कारागिराकडे त्यावर उत्तर असते, पण ऐकायला कुणी थांबत नाही. मग त्याचा मुलगा बेंगळुरूला मॉलमध्ये सुरक्षारक्षक होतो.

विणकरांच्या बाबतीत या देशाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. 1985 मध्ये हातमागासाठी वाण राखून ठेवणारा कायदा झाला, 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि आजही साडी, धोतर, लुंगी धरून 11 वाणांचे ठरावीक प्रकार यंत्रमागावर काढणे गुन्हा आहे. अंमलबजावणी किती होते हा वेगळा विषय. येवल्यातल्या विणकराला विचारा. तरीही 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे, म्हणजे हात आणि यंत्र यांतला फरक कायद्याने मान्य केलेला आहे. सोन्याला हॉलमार्क आहे, रेशमाला सिल्क मार्क आहे. कोरीव लाकडाला मात्र सरकारचे असे काही नाही. 1952 मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळही 2020 मध्ये बंद करण्यात आले. कमलादेवी चट्टोपाध्यायांनी उभे केलेले ते घर. ते मोडताना त्याच्या जागी काय येणार, हे सांगायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

भौगोलिक मानांकन आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे. तामिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यातील अरुंबावूरच्या लाकडी मूर्तींना 2020 मध्ये ते मिळाले. एकाच ठोकळ्यातून देव काढण्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. मानांकनाचा खोटा वापर केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. पण फसवणारा इतका भोळा नसतो. तो ‘अरुंबावूर’ लिहीतच नाही. तो ‘हस्तकोरीव’ लिहितो, आणि त्या शब्दावर कुणाचीच मालकी नाही.

सरकारी योजनांतही या माणसाला जागा सापडत नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, मूर्तिकार आहे. पण मूर्तिकारापुढे कंसात लिहिले आहे ते दगड कोरणारा. लाकडात देव कोरणाऱ्याने आपले नाव नक्की कुठे घालायचे? तो सुतार म्हणून अर्ज करतो आणि सुताराचा हत्यारसंच घेऊन घरी येतो. त्यात रंधा असतो. त्याला हवी असते ती अर्ध्या सुताच्या गोल पटाशीपासून वरच्या सगळ्या मापांची जोडी.

तेव्हा मागणी सोपी आहे आणि तिला नवा कायदाही लागत नाही. देवमूर्ती म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लाकडी वस्तूवर तीन गोष्टी छापणे सक्तीचे करा: लाकडाची जात, कोरीवकाम हाताचे की यंत्राचे की दोन्हींचे, आणि बनवणाऱ्याचे गाव. वैध मापन कायद्याखालच्या नियमांत ही दुरुस्ती बसते. शून्य कराची सवलत हवी असेल तर हे लेबल लावा, असे कर परिषदेने म्हटले तर महिनाभरात बाजार सुतासारखा सरळ होईल. कर्नाटक वनखात्याने, आणि शिवण-सागाच्या बाबतीत महाराष्ट्र व गोव्याच्या वनखात्यांनीही, लिलावाआधी नोंदणीकृत कोरीव कारागिरांसाठी ठरावीक लाकूड राखून ठेवावे. आज ठेकेदाराने घेतलेले लाकूड तिसऱ्या हाताने कारागिराकडे पोचते, 18 टक्के कर लागून. वर मूर्ती करमुक्त असल्याने तो कर वळता करून घेण्याची वाटही बंद. सवलत दिली विक्रीला, भार राहिला कारागिरावर.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्याच वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासच्या जाहिरातींवर तो लावून दाखवला आहे. मग ‘हस्तकोरीव’ म्हणून रेझिन विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटीस काढायला प्राधिकरण कशाची वाट पाहत आहे? तक्रारी येत नाहीत, हे त्याचे उत्तर असेल, आणि त्यात तथ्य आहे. देवाच्या बाबतीत फसलो हे सांगायची माणसाला लाज वाटते. तो मूर्ती परत पाठवत नाही, देव्हाऱ्यात ठेवून देतो. वाचकांनी ही भीड सोडावी. घरच्या मूर्तीची बैठक उलटून पाहा, पावती शोधा, वर्णन आणि वस्तू जुळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची मूर्ती घेताना ती कुणी कोरली त्याचे नाव आणि गाव विचारा. ते सांगता न येणाऱ्या दुकानातून ‘हस्तकोरीव’ म्हणून विकत घेऊ नका.