विश्लेषण : इंजिनीअरिंगचे एक वर्ष झाले, तरी एनडीएत पुन्हा पहिल्यापासून का?

नौपाड्यात गोखले रोडच्या आसपास जेईईचा क्लास लावलेला विद्यार्थी एनडीएचा फॉर्मही भरतो, यात नवल नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण एकट्या गणिताला आहेत. मॅट्रिक्स, ट्रिगोनोमेट्री, कॅल्क्युलस, सगळे ओळखीचेच. परीक्षा वर्षातून दोनदा होते, वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. त्यामुळे अनेकांची निवड होते ती इंजिनीअरिंगला प्रवेश घेतल्यानंतर. मग घरात प्रश्न येतो : भरलेली फी आणि पास केलेले पेपर, हे सगळे वाया जाणार का?

एनडीएत सूट मिळते का?

नाही. खडकवासल्याला प्रत्येक कॅडेट पहिल्या टर्मपासूनच सुरुवात करतो. तीन वर्षे, सहा टर्म. पदवी दिल्लीच्या जेएनयूची. लष्कराच्या कॅडेटला बीए, बीएस्सी किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. नौदल आणि हवाई दलाकडे बीटेकचा मार्ग आहे, त्याचे चौथे वर्ष एळिमला किंवा हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत पूर्ण होते.

इंजिनीअरिंग करताना एम-वनचा पेपर ज्यांनी घाम गाळून सोडवला (मीही त्यातलाच), त्यांना हे अन्यायाचे वाटेल. पण एनडीएत वर्ग हा दिवसाचा एक भाग आहे. ड्रिल, पीटी, पोहणे, घोडेस्वारी, कॅम्प यांची चढण टर्मनुसार ठरलेली असते आणि अख्खी तुकडी ती एकत्र चढते. कॅल्क्युलस येते म्हणून कोणाला त्यातली एक पायरी गाळता येत नाही.

अमेरिकेत वेगळे आहे ना?

अमेरिकेतले नातेवाईक तसे सांगतात. ते अर्धे खरे आहे. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस या अकादम्यांत नवे कॅडेट दाखल झाले की गणित, रसायनशास्त्र अशा विषयांच्या चाचण्या होतात. शाळेत दिलेल्या एपी परीक्षेचे गुणही पाहिले जातात. विषय येतो असे सिद्ध झाले की तो पुन्हा शिकावा लागत नाही, थेट पुढच्या वर्गात बसवतात.

पण मुक्काम कमी होत नाही. वेस्ट पॉइंटचे ४७ महिने सगळ्यांना सारखेच. वाचलेल्या तासांत कॅडेट वरचे विषय घेतो, कधी दुसरा मुख्य विषयही. थोडक्यात, सूट वर्गातून मिळते, अकादमीतून नाही. एवढी सोय खडकवासल्यालाही करायला हरकत नसावी. कोणाचीही टर्म कमी न करता, ज्याला पहिल्या टर्मचे गणित येते त्याला वरचे गणित द्यायचे. तुकडी एकत्रच राहील.

मग आपल्याकडे आधीच्या शिक्षणाची किंमत कुठे होते?

दारावर होते. पदवीधर सीडीएस देऊन डेहराडूनच्या आयएमएत गेला तर प्रशिक्षण साधारण दीड वर्षाचे. इंजिनीअरला टीजीसी या मार्गाने लेखी परीक्षाच नाही. पदवीच्या गुणांवर यादी लागते, मग एसएसबी, मग डेहराडूनला साधारण वर्षभर.

आता हिशेब मांडा. पहिले वर्ष पूर्ण केलेला विद्यार्थी आज एनडीएत गेला तर तीन वर्षे खडकवासला, एक वर्ष डेहराडून, म्हणजे चार. तो कॉलेजातच राहिला तर उरलेली तीन वर्षे आणि टीजीसीचे एक, म्हणजे पुन्हा चारच. खांद्यावर तारे लागायला वेळ सारखाच. फरक आहे तो खर्चाचा आणि खात्रीचा. एनडीएत राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश यांचा खर्च सरकारचा, पालकांवर वरखर्च तेवढा. टीजीसीच्या जागा मात्र मोजक्याच असतात आणि एसएसबी तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. हातात आलेली एनडीएची निवड फक्त ‘वर्ष वाया जाईल’ म्हणून सोडणे हिशेबात बसत नाही. इंजिनीअरच व्हायचे असेल तर गोष्ट वेगळी.

उलटा प्रवास मात्र सुरू झाला आहे. २०२२ मध्ये इग्नूने तिन्ही दलांशी करार केला. अग्निवीरांसाठीच्या पदवीत निम्मे क्रेडिट सैन्यातल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. म्हणजे सैन्यात शिकलेले विद्यापीठात चालते, विद्यापीठात शिकलेले अकादमीत नाही.

जाण्याआधी काय करावे?

पहिल्या वर्षाचे क्रेडिट आपल्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झालेत का, ते डिजिलॉकरवर पाहा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने अकादमी सोडावी लागली, तर पुन्हा कॉलेजात जाताना याचा उपयोग होऊ शकतो. अर्थात, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश द्यायचा की नाही हे त्या संस्थेवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून. म्हणून कॉलेज सोडताना ट्रान्सफर सर्टिफिकेटबरोबर गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या.