स्त्रीराज्याच्या वेशीवर कोण उभे आहे?

नवरात्र आले की फोनवर नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या आणि नऊ देव्या येत राहतात. सोबत एक वाक्य ठरलेले, "आपल्या संस्कृतीत स्त्री ही देवी आहे." यंदा त्याला आणखी एक शेपूट जोडून आले, "आपल्याकडे हे लिंगओळख वगैरेचे खूळ नव्हते, हे सगळे पाश्चात्त्यांकडून आले." पाठवणारे आमच्याच घरातले. वयाने माझ्याहून लहान, शिकलेसवरलेले.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीने, जिने उभे आयुष्य स्त्रियांच्या चळवळीत घातले, अगदी दुसऱ्या टोकाकडून येऊन तेच म्हटले. तिचे म्हणणे असे की पूर्वी मातृसत्ता होती, देवीचा धर्म होता, बायकांचे राज्य होते. आता निदान बायकांच्या म्हणून चार जागा तरी राखू या, आणि तिथे जन्माने बाई असेल तिलाच प्रवेश देऊ या.

एक म्हणतो आपल्याकडे नव्हते. दुसरी म्हणते आमच्यात नको. या दोघांनाही उत्तर द्यायचे मनात होते. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, खडू सुटला तरी फळा सुटत नाही :-)

आधी "आपल्याकडे नव्हते" याचे बघू.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी दारात कोण येत असे? डोक्यावर जग, हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, अंगावर हिरवी साडी आणि ओठावर मिसरूड. यल्लम्माचा जोगत्या. सोबत चौंडके आणि तुणतुणे. आई लगबगीने सुपातून जोंधळे आणून परडीत घाली आणि पाया पडायला लावी. तिने कधी विचारले नाही की हा बाप्या असून साडी का नेसतो. देवीने झाड धरले, विषय संपला. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन पाहा, तिथे "उदं गं आई उदं" म्हणत नाचणाऱ्यांत असे किती दिसतात ते. आमच्याकडे सांगतात की रेणुकेचा शिरच्छेद करायला ज्या मुलांनी नकार दिला, त्यांना जमदग्नीने पुरुषत्व जाण्याचा शाप दिला, आणि तीच मुले आईची खरी भक्त झाली. आईचे मुंडके उडवणारा परशुराम पुरुष राहिला, आणि नाही म्हणणारे तिच्या पदराखाली गेले. ही कथा रचणाऱ्या माणसांना काहीतरी नक्कीच कळले होते.

पोथ्यापुराणांतही बघा. सुद्युम्न राजा एका वनात शिरला आणि बाई झाला, तीच इला. तिच्या पोटी पुरूरवा. म्हणजे ज्या चंद्रवंशाची कौतुके आपण गातो, त्याचे मूळ इथे आहे. शिखंडी आहे, विराटाच्या घरी नाच शिकवणारी बृहन्नडा आहे, अर्धनारीनटेश्वर तर आहेच. यातला कोण पाश्चात्त्य?

पण थांबा. इथे टाळ्या वाजवून "बघा, आपली संस्कृती किती उदार" असे म्हणणारेही मला भेटतात, आणि त्यांचा मला जास्त राग येतो. जोगत्याला नमस्कार मंगळवार-शुक्रवारचा. बुधवारी त्याच गल्लीतली पोरे त्याच्या मागे टाळ्या पिटत आणि दगड मारत धावायची. त्याला परडी मिळाली. शाळा, नोकरी, भाड्याची खोली, दवाखान्यात रांगेतली जागा यांतले काही मिळाले नाही. पोरींचेही तेच. केसांत जट निघाली की देवीचे बोलावणे, मग गळ्यात दर्शन बांधायचे आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक. मुंबई प्रांताला 1934 साली, महाराष्ट्राला पुन्हा एकविसाव्या शतकात, कर्नाटकाला 1982 साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही देवीचा मान वाढवण्यासाठी नव्हे. राजन गवस यांच्या "चौंडकं" आणि "भंडारभोग" या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या असतील, किंवा 2009 चा "जोगवा" पाहिला असेल, त्यांना मी वेगळे सांगायला नको.

माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. साल 1986 च्या आसपासचे, इयत्ता आठवी. अक्षर मोत्यासारखे, मराठीत वर्गात पहिला. मधल्या सुट्टीत तो मुलींत बसायचा, त्यांच्याबरोबर सागरगोटे खेळायचा. मुले छळत. मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून सांगितले, शाळेची शिस्त बिघडते, घरी ठेवा. मी भांडले, पण माझे चालले नाही. सहा-सात वर्षांनी एस.टी. स्टँडवर तो दिसला, डोक्यावर जग घेऊन. मला ओळखून वाकला आणि म्हणाला, "बाई, देवीनं घेतलं." मी त्यावर खूप विचार केला आहे. देवीने घेतले हे खरे, पण आधी घराने आणि शाळेने टाकले होते म्हणून घेतले. गावात एकच दार उघडे ठेवायचे आणि त्या दारातून माणूस गेला की म्हणायचे, बघा, आम्ही दार उघडे ठेवले! याला स्वीकार म्हणत नाहीत. फार तर सोय म्हणा, तीही आपली.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला. 2019 साली संसदेने कायदा केला, त्यात जिल्हाधिकाऱ्याचा दाखला घालून ठेवला. 2021 साली मंजम्मा जोगती यांना पद्मश्री जाहीर झाली. यल्लम्माची जोगती, साडीच्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढणारी. टीव्हीवर पाहून सगळे गहिवरले. त्या गहिवरलेल्यांपैकी किती जण तिला आपल्या वाड्यातली खोली भाड्याने देतील, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता मैत्रिणीकडे वळते.

स्त्रीराज्य म्हटले की आपल्याला आठवतो तो मच्छिंद्रनाथ. नवनाथांच्या पोथीत आहे, 1932 साली प्रभातने "माया मच्छिंद्र" काढला, तेव्हापासून तर घरोघरी. एक राज्य, तिथे फक्त बायका, पुरुष जन्मालाच येत नाही. मारुतीच्या भुभुःकाराने गर्भ राहतो, आणि त्याच आवाजाने मुलग्याचा गर्भ गळून पडतो. एवढा मोठा योगी तिथल्या राणीच्या मोहात पडला आणि शिष्याला त्याला सोडवून आणावे लागले. नीट पाहिले तर हे स्त्रीराज्य बायकांनी कल्पिलेले नाहीच. ते पुरुषाच्या भीतीचे राज्य आहे. बाई म्हणजे माया, बाई म्हणजे खड्डा. जैमिनीच्या अश्वमेधात प्रमिला राणीचे स्त्रीराज्य आहे, तिथे शेवटी काय होते? ती अर्जुनाशी लग्न करून हस्तिनापूरला जाते. राज्य संपले!

पण गंमत बघा. गोरखनाथ त्या राज्यात शिरला कसा? नाचणाऱ्या बायकांच्या ताफ्यात, मृदंग घेऊन, बाईचा वेष करून. माझी मैत्रीण लगेच म्हणाली, "बघ, हेच तर आमचे म्हणणे आहे! वेष करून शिरतात." मी म्हटले, अगं, गोरख वेष करून शिरला आणि काम झाल्याबरोबर तो उतरवून गेला. माझा विद्यार्थी वेष करून आला नव्हता. वेष होता तो खाकी चड्डीचा, जो त्याच्याकडून आम्ही आठ वर्षे करवून घेतला.

बायकांनी कल्पिलेली स्त्रीराज्येही आहेत. बेगम रुकय्या यांनी 1905 साली "सुलतानाज ड्रीम" लिहिले. त्यात बायका राज्य करतात, सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात, हवेतून गाड्या चालवतात, आणि पुरुष माजघरात पडद्याआड! वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले होते. 1915 साली अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी "हरलँड" लिहिले, तिथे दोन हजार वर्षे पुरुषच नाही, कुमारिकांनाच मुली होतात. पण या सुंदर देशात एक बारीक गोष्ट आहे. ज्या बाईत काही खोट दिसेल तिने आई होऊ नये, असे तिला समजावले जाते. म्हणजे तिथेही कोणीतरी बसून ठरवते, कोण पुरेशी चांगली बाई. रुकय्यांच्या स्वप्नात मला दाराची कडी कोणाच्या हातात, हा सवाल दिसतो. गिलमनबाईंच्या स्वप्नात चाळणी दिसते. मला पहिले स्वप्न प्रिय आहे आणि दुसऱ्याची भीती वाटते.

हे पुस्तकातच राहिले असते तर ठीक. अमेरिकेत मिशिगनला 1976 पासून 2015 पर्यंत दर वर्षी बायकांचा मोठा संगीतमेळा भरे. रानात तंबू, बायकांनीच उभारलेला मंच, बायकांचेच गाणे. ऐकून मलाही जावेसे वाटले असते. पण 1991 साली तिथून एका बाईला, ती जन्माने मुलगा होती म्हणून, बाहेर काढले. आणि 2011 साली कॅलिफोर्नियात देवीपूजकांच्या संमेलनात बायकांच्या एका पूजेच्या दारातून अशाच काहीजणींना परत पाठवले. देवीच्या दारातून! सौंदत्तीचा डोंगर यापेक्षा मोठ्या मनाचा म्हणायचा.

मैत्रिणीचे दुःख मला समजते. पुरुषांच्या नजरेला, हाताला, आवाजाला कंटाळलेल्या बायकांना चार भिंती हव्याशा वाटतात. मलाही वाटल्या आहेत. आणि मातृसत्तेचे तिचे स्वप्न मी चेष्टेवारी नेत नाही. शरद पाटलांनी निर्ऋतीपासून स्त्रीराज्याची मांडणी केली ती मी आदराने वाचली आहे. पण आईकडून वंश चालला म्हणजे बाईचे राज्य आले असे होत नाही. मेघालयात खासींमध्ये वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते, तरी गावच्या दरबारात परंपरेने बसले ते पुरुषच. देवी गाभाऱ्यात आहे म्हणून ओसरीवर बाईला खुर्ची मिळते असेही नाही. जिच्या नवऱ्याने तिचेच डोके उडवायला लावले, त्या रेणुकेच्या देशात हे मी कुणाला समजावू?

माझा खरा आक्षेप वेशीबद्दल आहे. फक्त बायकांचे राज्य म्हटले की त्याला वेस आली. वेस आली की रखवालदारीण आली. तिने तपासायचे काय? आणि तपासायचे कोणाला? येणाऱ्या प्रत्येकीला. मूल होणे ही खूण धरली तर जिला मूल नाही ती बाहेर. पाळी ही खूण धरली तर माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाहेर. अंगकाठी, आवाज, ओठावरची लव ही खूण धरली तर माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांना पुरावे द्यावे लागतील. तमिळनाडूची शांती सौंदराजन 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरला दुसरी आली. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली. वेशीवरच्या तपासणीत नापास झाली, पदक काढून घेतले. चाळणी लावली ती म्हणे बायकांच्या रक्षणासाठी. चाळली गेली एक बाईच.

आणि ही वेस आपल्याला काय नवीन आहे? हे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. कालपर्यंत वाण देणारी मी एका रात्रीत वेशीबाहेर. दारात पुरुष उभे नव्हते बरे का, आपल्याच साळकाया-माळकाया होत्या. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला खुद्द यल्लम्मा विधवा होते, तिच्यासाठी जोगतिणी बांगड्या फोडतात. म्हणजे देवीलाही सवाष्णपणाचा दाखला लागतो तर! जिने हा दाखला एकदा हातातून हिसकावलेला पाहिला आहे, तिने दुसरीकडे दाखला मागू नये, असे मला वाटते.

आता घरातले बोलते. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

येत्या मे महिन्यात आपल्याकडे लग्न आहे. पत्रिकेचा मसुदा माझ्याकडे वाचायला आला, शुद्धलेखन तपासायला. निमंत्रकांत नवऱ्या मुलाच्या सगळ्या भावंडांची नावे आहेत, एक सोडून. विचारले तर उत्तर मिळाले की जुने नाव छापलेले तिला चालत नाही आणि नवे नाव छापलेले लोकांना चालणार नाही, म्हणून गाळले. पोर म्हणते, "आजी, नाव नसले तरी चालेल, पण जुने घालू नका." चोवीस वर्षांची आहे. स्वतःच्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेत नसण्याची तयारी तिने आपल्याआधी करून ठेवली आहे.

त्याच मसुद्यात खाली कुलदैवत म्हणून छापले आहे, श्री रेणुकामाता प्रसन्न. लग्नानंतर गोंधळ आहे. परडी भरायची आहे. जोगत्याला शिधा आणि साडी-चोळी द्यायची, हे यादीत लिहिलेले मी वाचले आहे, साडीचा रंगसुद्धा. परक्या घरचे लेकरू साडी नेसून दारात आले तर आपण त्याच्या पाया पडणार, आणि आपले लेकरू साडी नेसून मांडवात आले तर लोक काय म्हणतील?

शुद्धलेखन तपासून मी मसुदा परत पाठवला आहे. एक नाव राहिले होते, ते लाल शाईने घातले आहे. नवे नाव, ऱ्हस्व-दीर्घ तिला विचारून. मुद्रकाकडे जाण्याआधी कोणाला ते खोडायचे असेल तर त्यांनी माझ्याकडे येऊन, माझ्यासमोर खोडावे.