गांजाबंदीचं वय किती?



‘गांजाला मोकळीक हे पाश्चात्त्य खूळ’ हे रविवारचं पत्र वाचलं. खरं तर उलटं आहे. आपल्याकडे गांजा परवान्याच्या दुकानांत मिळायचा. देशभर बंदी आली ती १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने, आणि त्यामागे अमली पदार्थांविषयीचा १९६१चा आंतरराष्ट्रीय करार होता. सरसकट बंदी नको, हा निर्वाळा गांजा-भांगेच्या चौकशीसाठीच्या १८९३-९४च्या आयोगाने दिला होता. तोही इंग्रज सरकारनेच नेमलेला!

‘कायदा स्पष्ट आहे’ म्हणे. मी एकदा पोलिसांच्या जप्तीत पंच होतो. टेम्पोतली पोती उघडली: ओला पाला, बोटाएवढे देठ, बिया, मधूनच चिकट फुलोरा. सगळं एकदम काट्यावर. कायद्याला गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. वेगळी काढलेली पानं त्यात मोडत नाहीत, म्हणून तर होळीची भांग सुटते. पण वजन वीस किलोंवर गेलं की किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ नाहीच.

गांजा निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. त्यापायी शिक्षण सोडलेली पोरं पाहिलीत. पण देठांचं वजन वेगळं लिहा म्हटलं, तर उत्तर मिळालं, “काका, सही करा, उशीर होतोय.”

— एक निवृत्त शिक्षक, खानदेश