उंबऱ्याबाहेरचें कर्तव्य

घरांतला केर काढून तो उंबऱ्याबाहेर लोटला म्हणजे आपलें काम संपलें, अशी समजूत आपल्या समाजांत फार दिवसांची आहे. उंबऱ्याच्या आंत जें आहे तें आपलें, आणि बाहेर जें आहे तें कोणाचेंच नव्हे! घरांतील भांडीं लखलखीत असतात, पण दारापुढील गटार तुंबलेलें असतें. माजघरांत दिवे उजळलेले असतात, पण गल्लीच्या तोंडावरील खांब महिनेच्या महिने अंधारांत उभा असतो. मग सायंकाळीं ओटीवर बसून ‘कारभारी नालायक आहेत’ असा निकाल आपण देतों आणि निश्चिंत मनानें जेवावयास उठतों. हा निकाल खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो दिल्यानें गटार वाहूं लागत नाहीं व दिवाहि लागत नाहीं. या लेखांत आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, कारभार कसा असावा हें ज्यांस कळतें, त्यांपैकीं कांहींनीं तरी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीस स्वतः उभें राहिलें पाहिजे. आणि बाकीच्यांनीं त्यांस उभें राहूं दिलें पाहिजे.

‘उभें राहूं दिलें पाहिजे’ हे शब्द आम्हीं मुद्दाम योजिले आहेत. एखाद्या सुशिक्षित तरुणानें, एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकानें किंवा एखाद्या समंजस गृहिणीनें असें कांहीं मनांत आणिलें कीं पहिला विरोध बाहेरून होत नाहीं. तो घरांतूनच होतो. ‘हीं आपल्यासारख्यांचीं कामें नव्हेत,’ असें आई म्हणते; ‘नसती उठाठेव कशाला?’ असें वडील विचारतात. आणि शेजारी तर हंसतातच. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांकरितांहि आहे.

वॉर्डाच्या सभासदाचा अधिकार लहान, हें खरें. परंतु ज्या गोष्टींवर आपलें रोजचें सुखदुःख अवलंबून असतें, त्यांपैकीं पुष्कळशा याच लहान अधिकाराखालीं येतात. नळास पाणी किती वाजतां येतें, विहिरींत औषध पडतें कीं नाहीं, मुलींच्या शाळेच्या वाटेवर दिवा आहे कीं नाहीं, बाजाराच्या दिवशींचा कचरा कोठें टाकला जातो, घरपट्टी व पाणीपट्टी यांचा पैसा कोठें खर्च होतो, या प्रश्नांचीं उत्तरें दिल्लीस ठरत नाहींत; तीं बहुतांशीं पंचायतीच्या कचेरींत व पालिकेच्या सभागृहांत ठरतात. दूरदेशच्या युद्धांविषयीं आपण तासन्‌तास वाद घालतों. पण गढूळ पाण्यानें आपल्या मुलास आलेला ताप हा त्या युद्धाहून आपल्या अधिक जवळचा असतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

या संस्थांस आतां राज्यघटनेचाच आधार आहे. १९९२ सालीं संसदेनें ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ति मंजूर केली आणि १९९३ सालीं त्या अमलांत आल्या. दर पांच वर्षांनीं निवडणूक व्हावी असा नियम झाला. महाराष्ट्रांत ग्रामपंचायती २७ हजारांहून अधिक आहेत, आणि प्रत्येक पंचायतींत ७ पासून १७ पर्यंत सभासद असतात. सर्वांत लहान आंकडा धरला तरी पावणेदोन लक्षांहून अधिक जागा होतात. इतकीं माणसें दर पांच वर्षांनीं कोठून तरी यावयाचींच! पैसाहि थोडा नाहीं. १४ व्या वित्त आयोगानें २०१५ ते २०२० या पांच वर्षांकरितां देशांतील ग्रामपंचायतींस सुमारें दोन लक्ष कोटि रुपये द्यावे अशी शिफारस केली होती. एवढा पैसा येत असतां तो कोणत्या कामीं लावावा हें ठरविणाऱ्या बांकावर विचारी माणूस नसावा, यापरतें दुर्दैव कोणतें?

निवडलेला प्रतिनिधि मुळींच नसला म्हणजे काय होतें, याचाहि अनुभव आपण घेतला आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ त्या अफाट नगरींत एकहि नगरसेवक नव्हता. सर्व कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक कितीहि कुशल असो. पण आपल्या गल्लींतील नळाची तक्रार घेऊन सकाळीं ज्याच्या दारीं हक्कानें जावें, असा निवडून दिलेला मनुष्य त्या काळांत नागरिकांस उरला नव्हता.

आमची सूचना कांहीं नवी नव्हे. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याविषयींचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. केवळ कारभार सुधारावा एवढाच त्याचा हेतु नव्हता. लोकांस राज्यकारभाराचें शिक्षण मिळावें, हा त्यांतील मोठा हेतु होता. म्हणजे पंचायत व पालिका या प्रौढांच्या शाळाच होत. त्या ठरावापूर्वींच, १८७६ सालीं, महात्मा जोतीराव फुले यांची पुणें नगरपालिकेवर सरकारकडून नेमणूक झाली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या पुरुषानें तेथें मिळालेली खुर्ची शोभेकरितां वापरली नाहीं. भाजीबाजाराकरितां भव्य इमारत बांधण्याच्या खर्चास त्यांनीं विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें सांगितलें. त्यांचें म्हणणें मान्य झालें नाहीं. मंडई उभी राहिली. परंतु आज त्याच मंडईस लोक ‘महात्मा फुले मंडई’ म्हणतात! सभेंत हरलेला मनुष्य लोकांच्या स्मरणांत हरत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत बसत असत. पण त्याच सुमारास त्यांनीं पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपदहि भूषविलें. सरदार वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ पर्यंत अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. या थोर पुरुषांस गटारांचा व नळांचा विचार हलका वाटला नाहीं. मग तो आपल्यासच कां वाटावा?

आतां आक्षेपांचा विचार करूं. ‘राजकारण घाणेरडें आहे, सभ्य मनुष्यानें त्यांत पडूं नये,’ हा पहिला आक्षेप. यावर आमचें उत्तर साधें आहे. सभ्य मनुष्य घरीं बसला म्हणून खुर्ची रिकामी राहत नाहीं. तीवर ठेकेदार बसतो, नाहीं तर ठेकेदाराचा मेहुणा बसतो. मग पहिल्याच पावसांत रस्ता वाहून गेला म्हणजे सभ्य मनुष्यास त्याच चिखलांतून जावें लागतें. आपण ज्यापासून अंग चोरिलें, तें आपल्या अंगावर आल्याशिवाय राहत नाहीं.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो पुष्कळ अंशीं खरा आहे. मुंबईसारख्या शहरांत २२७ वॉर्ड असून २०११ च्या शिरगणतीच्या लोकसंख्येप्रमाणें एका वॉर्डांत सुमारें ५५ हजार माणसें येतात. तेथें एकट्यादुकट्यानें घरोघर फिरून निवडून येणें अतिशय कठिण. पण खेड्यांतील गोष्ट वेगळी. तेथें एका वॉर्डांत बहुधा कांहीं शेंच मतदार असतात, आणि महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर लढविल्या जात नाहींत. ज्याला मोटारी व जेवणावळी परवडत नाहींत, त्याला दोन पाय व एक महिना तर परवडतो! ज्याच्या दारीं उमेदवार स्वतः बसला, ज्याचें म्हणणें त्यानें वहींत टिपून घेतलें, तो मतदार तें सहसा विसरत नाहीं.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाहीं, पण तोच सर्वांत बळकट असतो: ‘पडलों तर लोक हंसतील.’ विद्यार्थ्यांनो, परीक्षेंत नापास होण्याच्या भीतीनें कोणी शाळाच सोडीत नाहीं. पडलेला उमेदवारहि कांहीं कमी काम करीत नाहीं. त्याच्यामुळें निवडून येणाऱ्यास घराबाहेर पडावें लागतें, लोकांचें ऐकावें लागतें, वचन द्यावें लागतें. आणि पुढें त्या वचनाची आठवण देणारा एक जागता मनुष्य गांवांत राहतो. वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात, आणि त्यांत पंचायतीस जमाखर्च विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. शेंकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, यांपैकीं जो आंकडा लहान असेल तेवढे आले तरी सभा भरते. एवढेहि लोक न आल्यामुळें सभा तहकूब करण्याचा प्रसंग कित्येक गांवीं येतो, ही लाजेची गोष्ट होय.

येथें ‘बिनविरोध’ या गोड शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. गांवानें एकत्र बसून लायक माणूस निवडला व त्यामुळें तंटा टळला, तर ती आनंदाचीच गोष्ट. पण कित्येकदां हें ऐक्य विकत घेतलेलें असतें. जानेवारी २०२१ मध्यें राज्य निवडणूक आयोगानें नाशिक व नंदुरबार जिल्ह्यांतील दोन गांवांच्या निवडणुका, तेथें पदांचा लिलांव झाला या कारणावरून, रद्द केल्या. त्या पैशानें देऊळ बांधावयाचें होतें असें कोणी म्हणेल. परंतु ज्यानें पद विकत घेतलें, तो तें व्याजासकट वसूल केल्याशिवाय कसा राहील? आणि ज्या गरिबाजवळ बोली बोलण्यास पैसा नाहीं, त्याच्या उभें राहण्याच्या हक्काचें काय? असल्या शांततेपेक्षां सरळ निवडणूक शतपटीनें बरी.

आमच्या वाचकांत पुष्कळ माता आहेत. २०११ सालीं महाराष्ट्रानें स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखून ठेविल्या. पाण्याची घागर जी डोक्यावर वाहते, तिला पाण्याच्या योजनेविषयीं बोलण्याचा अधिकार मिळाला, हें सर्वथा योग्यच झालें. परंतु पुष्कळ ठिकाणीं पत्नी निवडून येते आणि खुर्चीवर पति बसतो. सही तिची, हुकूम त्याचा! लोकहि त्याला ‘सरपंचपति’ म्हणून मान देतात. अशा गृहस्थांस आम्ही आदरपूर्वक विनंती करितों कीं, आपल्या कन्येस शाळेंत शिकविण्याकरितां आपण फी भरतां. तिच्या आईस सभेंत बोलूं देण्यास तर एक पैचाहि खर्च नाहीं.

एका मनुष्याच्या उभें राहण्यानें काय होऊं शकतें, हें पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें दुष्काळानें गांजलेलें गांव होतें; लोक पोटासाठीं गांव सोडून जात होते. १९८९ सालीं तेथील उच्चशिक्षित तरुण श्री. पोपटराव पवार हे सरपंच झाले. एम्. कॉम्. झालेल्या मुलानें शहरांत नोकरी धरावी, अशी चारचौघांसारखी वाट त्यांच्यापुढें होती. त्यांनीं गांवाची वाट धरिली. पुढें ग्रामसभेच्या संमतीनें कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नशाबंदी झाली. श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले. शेतीकरितां कूपनलिका खणूं नयेत असें ठरलें, आणि पाऊस किती पडला तें मोजून त्याप्रमाणें पिकें ठरविण्याचा, म्हणजे पाण्याचा जमाखर्च मांडण्याचा, प्रघात पडला. बाहेर गेलेलीं कित्येक कुटुंबें परत आलीं. २०२० सालीं त्यांस ‘पद्मश्री’ जाहीर झाली. हें सर्व एकट्यानें केलें असें नव्हे, गांवानें केलें. पण गांवास एकत्र बसविण्याकरितां कोणी तरी प्रथम उभें राहावें लागतें.

जे उभे राहूं इच्छितात त्यांस आमची एवढीच सूचना: अर्ज भरण्यापूर्वीं आपल्या वॉर्डांतील प्रत्येक गल्ली पायांनीं फिरावी, मागील वर्षाचा जमाखर्च वाचावा, आणि पन्नास कामांचें आश्वासन देण्याऐवजीं होण्यासारखीं तीनच कामें सांगावीं. निवडून आल्यावर झालेलें व राहिलेलें काम दर तीन महिन्यांनीं फळ्यावर लिहून चौकांत लावावें. ज्याला फळ्याची भीति वाटत नाहीं, त्याला मतदाराचीहि भीति वाटण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, १८ व्या वर्षीं तुम्हांस मत मिळेल आणि २१ व्या वर्षीं उभें राहण्याचा अधिकार मिळेल. तोंपर्यंत स्वस्थ बसावें असें नाहीं. वर्गाचा प्रतिनिधि निवडतांना मित्र कोण हें न पाहतां लायक कोण हें पाहणें, सहलीच्या वर्गणीचा हिशेब पैन्‌पै लिहिणें, आपल्याविरुद्ध मत देणाऱ्याशीं दुसऱ्या दिवशीं पूर्वीप्रमाणेंच बोलणें, हेच या विद्येचे पहिले धडे होत. पुढील ग्रामसभेच्या दिवशीं वडिलांस किंवा आईस विचारा, ‘आपण जाणार ना?’ आणि मागें बसून काय चालतें तें ऐका.

पालकांसहि शेवटची विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी एके दिवशीं येऊन म्हणेल कीं, ‘मी आपल्या वॉर्डांतून उभा राहतों,’ ‘मी उभी राहतें.’ त्या वेळीं ‘नसती उठाठेव’ हे शब्द ओठांवर आले तरी ते मागें घ्यावे, आणि पहिला सूचक म्हणून आपण सही करावी. ज्या घरांतून अशी सही होईल, त्या घराच्या उंबऱ्याबाहेरचा केर फार दिवस तेथें राहणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.