वर्षातून एकदा फुलते, तेवढे पुरे

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर गेला की मी पहाटे पाचलाच गच्चीवर असते. खालचे यंत्रमाग सुरू व्हायच्या आत आमरीच्या मुळांवर पाणी फवारून व्हायला हवे. आमरी म्हणजे ऑर्किड. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे, माती अजिबात नाही. टोपलीबाहेर लोंबणारी मुळे कोरडी असली की चुना फासल्यासारखी पांढरी दिसतात. पाणी पडले की बघता बघता हिरवी होतात. जिथे पांढरे उरले, तिथे पुन्हा फवारायचे.

सुरुवातीला मी बाजारातून जांभळ्या फॅलेनॉप्सिसच्या दोन कुंड्या आणल्या होत्या. बोअरच्या जड पाण्याने मुळांची टोके काळी पडली आणि दोन्ही गेल्या. फार हळहळले. आता पन्हाळीखाली पावसाचे पाणी धरते. दोन ड्रम पाच टोपल्यांना पुरवून पुरवून उन्हाळ्यापर्यंत नेते. झाडही इथले उन्ह सोसणारे निवडले: व्हॅन्डा टेसेलाटा. आपल्या कोरड्या मुलखात आंब्या-बाभळीवर वाढणारी ही आमरी. पिवळसर तपकिरी पाकळ्यांवर चौकडीची नक्षी, मधली ओठासारखी पाकळी निळी-जांभळी, आणि गोड वास. माझ्याकडे वर्षातून एकच तुरा येतो.

एका तुऱ्यात समाधान मानायला मला इकेबानाने, म्हणजे फुलांच्या जपानी मांडणीने, शिकवले. सोफू तेशिगाहारा यांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या सोगेत्सु पद्धतीचा पहिला धडा तीन काड्यांचा असतो. भांड्याची रुंदी आणि उंची मिळवून त्याच्या दीडपट पहिली काडी, तिच्या पाऊणपट दुसरी, तिसरी त्याहून आखूड. पहिली जवळपास उभी, दुसरी कललेली, तिसरी जवळजवळ आडवी. देठ पाण्यात बुडवूनच कापायचा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही. परवा मातीच्या परळात काटेरी बाभळीची फांदी उभी केली, शेजारी वाळकी तुरकाठी आणि खाली व्हॅन्डाचा तुरा. परळात दोन बोटे पाणी. तीन काड्यांमधल्या मोकळ्या जागेकडे नजर आपोआप जाते. जे ठेवलेले नाही, तेही रचनेत मोजायचे असते, हे मला उमगायला दोन वर्षे लागली.

म्हणूनच पावसाळा तोंडावर असताना एक गोष्ट कळकळीने सांगते. आंबोली-महाबळेश्वरहून येताना कुणीतरी दरवर्षी झाडावरून ओढून काढलेली आमरी माझ्यासाठी घेऊन येते. आपुलकीने आणतात, पण मला ती बघवत नाही. कित्येकांना ते बांडगूळ वाटते, काढले तर झाड सुटेल असे वाटते. आमरी फांदीवर नुसती बसते. अन्न स्वतःचे स्वतः तयार करते, झाडाचा रस शोषत नाही. तिचे बी धुळीइतके बारीक, त्यात शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते आणि फुलावर यायला कित्येक वर्षे घेते. सीतेची वेणी नावाच्या आमरीचा एक झुबका ओरबाडला की एवढी वर्षे एका हिसक्यात संपतात, आणि इकडच्या कोरड्या हवेत ती बहुधा होळीही बघत नाही. जगभरातल्या सगळ्या आमरींचा देशादेशांतला व्यापार साईट्स करारामुळे नियंत्रित आहे. घाटातल्या पिशवीला मात्र कुणी अडवत नाही, तिथे आपणच हात आवरायला हवा. रोपवाटिकेत ऊतीसंवर्धनाने वाढवलेली रोपे मिळतात. तीच घ्यावीत, आणि रोप कुठून आले हे विचारूनच घ्यावीत.

गेल्या श्रावणात अशीच एक सीतेची वेणी कुणी दारात ठेवून गेले. परत नेऊन लावणे शक्य नव्हते. अंगणातल्या कडुनिंबाला सुतळीने बांधली, भोवती ओले गोणपाट गुंडाळले. तीनपैकी दोन पाने गळली. फाल्गुनात बुंध्याशी एक नवे मूळ फुटले, हिरव्या टोकाचे, तांदळाएवढे. आज ते बोटभर झाले आहे आणि सालीला चिकटले आहे. फूल अजून नाही.