शेजघरातील जुना लॅपटॉप आणि मालकीचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. ही प्रणाली २०१५ साली बाजारात आली होती, आणि देखभाल थांबली त्या दिवशीही जगातील कोट्यवधी संगणक तिच्यावरच चालत होते. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ तेवढी देऊ करण्यात आली; त्यापुढे ‘विंडोज ११’ घ्या, असा सल्ला. परंतु या नव्या प्रणालीच्या अटी अशा आहेत की, साधारणतः २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरवर चालणारे लॅपटॉप तिच्या दारातच अडविले जातात. त्या यंत्रांचा पडदा फुटलेला नाही, कळा निखळलेल्या नाहीत, त्यांची आकडेमोड काल होती तितकीच आजही बिनचूक आहे. तरीही ती जुनी झाली. ती जुनी झाल्याचे ठरविले विकणाऱ्याने. पैसे मोजून ती घरी आणणाऱ्याला कोणी विचारले नाही.

बहुतेकांनी ही घटना तंत्रज्ञानाच्या सदरातील एक बातमी म्हणून वाचली असेल. वास्तविक तो अर्थकारणाचा आणि त्याहीपेक्षा मालकीचा प्रश्न आहे. वस्तूचे वय मोजण्याची हिशेबनिसाची रीत आपल्याला ठाऊक आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल चाळीस टक्के घसारा धरला जातो. पन्नास हजार रुपयांना घेतलेले यंत्र या रीतीने दहा वर्षांनंतर वहीत अवघ्या तीनशे दोन रुपयांचे उरते. हा आकडा खोटा नाही; पण तो विनिमयमूल्याचा आकडा आहे. उपयोगमूल्य म्हणून काही निराळी गोष्ट असते, हे आम्ही वर्गात पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो. त्या तीनशे दोन रुपयांच्या यंत्रातून एका माणसाला काय मिळू शकते, याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत मांडला जात नाही.

तो मांडण्यासाठी घरचेच उदाहरण घेतो. माझी थोरली बहीण, आमच्या घरातील सर्वांची आक्का, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून तिने उभे आयुष्य काढले. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचा बराचसा दिवस शेजघरातच जातो, आणि दृष्टिपटलाच्या विकारामुळे वृत्तपत्रातील बारीक टाइप तिला वाचता येत नाही. मध्यमलहरींवरच्या रेडिओत आमच्या भागात निम्मी खरखर ऐकू येते. माझ्या मुलीने अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी २०१३ साली घेतलेला लॅपटॉप कपाटात पडून होता. एका बाजूची बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली, आणि सुरू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात चहा व्हावा. अधिकृत सेवाकेंद्रात विचारले असता तेथील तरुणाने यंत्राची पाठही न उघडता सांगितले, ‘या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत, काका. नवाच घ्या.’

आमच्या गल्लीतील एका लहान दुकानदाराने पाठ उघडली. फुगलेली बॅटरी प्रथम काढून टाकली (वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी बॅटरी असेल तर ती चार्ज करू नये, दाबू नये, घंटागाडीत तर मुळीच टाकू नये). जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, चार जीबीची जुनीच पण चांगली रॅम वाढविली, पंख्यातील धूळ झाडली. ‘लिनक्स मिंट’ ही मोफत प्रणाली घातली. सर्व मिळून खर्च अडीच हजार रुपयांच्या आत. बिजागरीच्या भानगडीत तो पडलाच नाही. आता पडदा पलंगाशेजारच्या फळीवर भिंतीला टेकून उभा असतो, आणि तो पुन्हा मिटायचा नसल्यामुळे बिजागरीची उणीव कोणालाही भासत नाही.

या यंत्राच्या चार कळांवर आम्ही कपाळाला लावायच्या टिकल्या चिकटविल्या आहेत. बोटाला त्यांचा उंचवटा लागतो. पहिली कळ दाबली की आकाशवाणी, इंटरनेटवरून आणि खरखरीशिवाय. दुसरीने वृत्तपत्राचे पान हवे तेवढे मोठे होऊन समोर येते. तिसरीने यंत्रात साठविलेली नाट्यगीते, अभंग आणि व्याख्याने. चौथीने परगावची नातवंडे पडद्यावर येतात. पहाटे सहाला यंत्र आपोआप जागे होते, रात्री दहाला मिटते. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी मोफत सोयही त्यात आहे. तिचा आवाज अगदीच यांत्रिक असून जोडाक्षरांवर अडखळतो, आणि आक्का पलंगावरून त्याचे उच्चार सुधारीत असते. मराठी विश्वकोशाचे खंड आता संकेतस्थळावर आहेत. नव्वदीकडे झुकलेल्या तिच्या एका मैत्रिणीशी बोलताना निघालेल्या वादाचा निकाल त्यावरून लावण्यात दोघींची दुपार सुखाने जाते.

उणिवाही सांगायला हव्यात. बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की यंत्र क्षणात मालवते. पैसे घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या काही कंपन्या लिनक्सवर हलक्या दर्जाचे चित्र देतात, आणि त्याचे कारण यंत्राच्या वयापेक्षा त्यांच्या कुलूपकिल्ल्यांत अधिक आहे. एवढे सोडले तर पडदा बंद ठेवून नुसते ऐकताना ते पंधरा-वीस वॅट वीज घेते. छतावरचा जुन्या पद्धतीचा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो.

यावर असे विचारले जाते की, एवढा खटाटोप कशाला? नवा स्मार्ट टीव्ही आणावा, भिंतीवर टांगावा, मोकळे व्हावे. ज्यांना तो परवडतो त्यांनी एक माहिती लक्षात ठेवावी. २०१७ साली अमेरिकेत व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीला बावीस लाख डॉलर भरून एक प्रकरण मिटवावे लागले. तिचे संच घरातील माणसे काय पाहतात याची क्षणाक्षणाची नोंद त्यांच्या संमतीवाचून करीत होते, असा सरकारी यंत्रणांचा आरोप होता, आणि तो एक कोटी दहा लाख संचांबद्दल होता. शेजघर ही घरातील सर्वांत खाजगी जागा. आजारी माणूस रात्री दोन वाजता काय ऐकतो, किती वेळा जागा होतो, कोणत्या औषधाबद्दल शोधतो, ही माहिती विकाऊ माल आहे. जुन्या यंत्रावर आपण निवडलेली प्रणाली घातली म्हणजे ही चोरी सर्वस्वी थांबते असे नव्हे. पाहिलेले संकेतस्थळ आपली नोंद ठेवणारच. परंतु निदान यंत्र तरी आपल्या बाजूचे राहते.

वस्तू लवकर जुनी करण्याची कला आजची नाही. डिसेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातील प्रमुख विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. ओसराम, फिलिप्स यांसारखे उत्पादक त्यात होते. पंधराशे ते दोन हजार तास जळणाऱ्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणावे असे त्यांनी ठरविले, आणि ज्याचा दिवा अधिक टिकेल त्याला दंड लावला. दीर्घायुषी दिवा त्याच विजेत कमी उजेड देतो, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या अगदीच पोकळ नव्हता. पण जास्त टिकणाऱ्या दिव्यावर दंड कशासाठी, याचे उत्तर त्यात मिळत नाही. पुढे महामंदीच्या काळात, १९३२ साली, बर्नार्ड लंडन या न्यूयॉर्कच्या गृहस्थांनी याहून पुढची मजल मारली. प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारने ठरवून द्यावे, मुदत संपली की ती जमा करून नष्ट करावी, म्हणजे कारखाने पुन्हा धडधडू लागतील, असा प्रस्ताव त्यांनी पुस्तिकेच्या रूपाने मांडला. ‘नियोजित कालबाह्यता’ हा शब्दप्रयोग त्यांच्या पुस्तिकेच्या नावातच होता. त्यांचे त्या वेळी कोणी ऐकले नाही. आज मुदत ठरविण्याचे तेच काम सरकारऐवजी कंपन्या करीत आहेत, एवढाच फरक पडला. दिव्याची तार निदान खरोखर तुटत असे. आता यंत्र धडधाकट राहते आणि दूर कोठेतरी एक निर्णय होतो.

लंडन यांचा रोजगाराचा मुद्दा मात्र समाजवाद्याला झटकून टाकता येणार नाही. नवे यंत्र खपले नाही तर ते जोडणाऱ्या कामगाराचे काय? माझे उत्तर असे की, दुरुस्ती हाही रोजगारच आहे, आणि तो भांडवल कमी व श्रम अधिक मागणारा आहे. लॅपटॉपची जोडणी जगातील मोजक्या कारखान्यांत होते. त्याची दुरुस्ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरील टपरीत होऊ शकते. जात्याला टाकी लावणारे आणि भांड्यांना कल्हई करणारे आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या हातांची आज प्रदर्शने भरतात. त्यांच्या मागोमाग हा टपरीतला कारागीरही जाऊ द्यायचा काय?

आक्काच्या यंत्रावरील प्रणालीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या मंडळींनी या प्रयोगाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिलेले नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’चा गाभा लिहून खुला केला. ध्वनी आणि चित्रफिती चालविणारा ‘व्हीएलसी’ हा कार्यक्रम पॅरिसच्या एका अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला आणि २००१ साली सर्वांसाठी मोकळा झाला. जो वापरील त्याला तो तपासण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार, अशा परवान्यावर हे सारे उभे आहे. सामुदायिक मालकी म्हणजे अनास्था आणि ऱ्हास, असे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. येथे ती तीन-चार दशके टिकली, वाढली आणि मोठमोठ्या कंपन्यांनाही तिचा आधार घ्यावा लागला. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक याच मार्गाने चालविले आणि परवान्यांचा मोठा खर्च वाचविला. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली काढली. महाराष्ट्रातील किती शाळांना तिचे नाव तरी ठाऊक आहे?

टाकून दिलेल्या यंत्रांचे पुढे काय होते, हेही पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. उरलेल्यातील पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तेथे माणसे उघड्या हातांनी तारा जाळून तांबे काढतात, आम्लात पट्ट्या बुडवून सोन्याचा अंश वेगळा करतात, आणि शिशाचा धूर त्यांची मुले श्वासावाटे घेतात. आपला ई-कचऱ्याचा २०२२ चा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. उत्पादकावर जबाबदारी टाकणारा म्हणून तो स्वागतार्ह आहे. त्यात जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याचाही उल्लेख येतो, पण भर मोडीवर आहे. आणि लॅपटॉपने पर्यावरणावर टाकलेल्या ओझ्याचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. मोडीत निघाल्यावर तो परत येत नाही.

फ्रान्सने २०१५ साली नियोजित कालबाह्यता हा कायद्याने गुन्हा ठरविला आणि २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. असाच निर्देशांक आपल्याकडे आणण्याविषयीचा एका समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये सरकारला मिळाला. निर्देशांक म्हणजे कायदा नव्हे. गल्लीतील कारागिराला सुटा भाग व जोडणीचा आराखडा मिळण्याचा हक्क, आणि देखभाल थांबविणाऱ्या कंपनीवर त्या यंत्रात दुसरी प्रणाली घालण्याची वाट मोकळी ठेवण्याचे बंधन, या दोन मागण्या ग्राहक पंचायतींनी आणि कामगार संघटनांनी मिळून करायला हव्यात. त्या एकाच मोर्चात का दिसत नाहीत, हे मला उमगलेले नाही.

दिल्लीची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. आपली महाविद्यालये, नगरपालिका आणि सहकारी बँका दरसाल संगणकांचे निर्लेखन करतात. डेडस्टॉक नोंदवहीवर लाल शाईची रेघ ओढली जाते आणि सारा ढीग वजनावर भंगारवाल्याकडे जातो. त्यांपैकी जी यंत्रे चालतात त्यांच्या डिस्क रीतसर पुसून अगर काढून घेऊन ती गावच्या वाचनालयाला, वृद्धाश्रमाला, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी द्यावीत, असा ठराव कोणत्याही नियामक मंडळाला एका बैठकीत करता येईल. डिस्क काढल्यावर नवी बसविण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्या बैठकीत हमखास निघेल. ज्या मंडळाने त्याच बैठकीत नव्या संगणकांची निविदा मंजूर केली असेल, त्याने तो करावा.