स्कोअरिंग पेपर कोणता?

मुख्य विषय, मायनर, ओपन इलेक्टिव्ह! नव्या शैक्षणिक धोरणाने आम्हा विद्यार्थ्यांपुढे विषयांचे भरले ताट वाढले आहे. पण निवडीची वेळ आली की एकच प्रश्न कानी पडतो, ‘स्कोअरिंग कोणता?’ प्राध्यापक म्हणतात, आवड पाहा. सल्ला योग्यच आहे. पण नापास झाल्यास पुन्हा फी भरण्याची ऐपत प्रत्येक घरात असते का?

मित्रहो, गेल्या वर्षी कोणत्या पेपरात किती ‘ओ’, किती ‘बी’ आणि किती नापास, हे ज्यांचे ताई-दादा इथे शिकले त्यांना घरबसल्या कळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मला कोण सांगणार? पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा महाविद्यालयेच घेतात, म्हणजे आकडे कार्यालयात आहेतच. ते सूचना फलकावर लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात, आकडे वाचताही आले पाहिजेत. आठ जणांत दोघे नापास झाले तरी प्रमाण २५ टक्के दिसते. तेवढ्यावरून पेपर कठीण ठरत नाही. एखाद्या विषयाकडे हुशार मुलेच वळत असतील, तर निकाल चांगला लागणारच. अर्नाळ्याचा मच्छीमार काल कोणाचे जाळे भरले याची चौकशी करतो. पण वारा, भरती आणि स्वतःची होडी पाहिल्यावाचून निघत नाही.

सगळेच सोप्या पेपरामागे धावतील, ही भीतीही खोटी नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून आपल्या वर्गांची मध्यक श्रेणी, म्हणजे बरोबर मधल्या विद्यार्थ्याची श्रेणी, जाहीर केली. विद्यार्थी सढळ हाताने गुण देणाऱ्या वर्गांकडे वळल्याचे संशोधकांना आढळले. २०११ मध्ये हे प्रसिद्ध करणे थांबले. पण १९९६ च्या मूळ ठरावात ही श्रेणी गुणपत्रिकेवरही छापायची होती. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. वाट आधी उघडली, पहारा उशिरा बसला!

म्हणून आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकदम व्हाव्यात. फलकावर विद्यार्थिसंख्येसह निकाल आणि गुणपत्रिकेत माझ्या श्रेणीशेजारी वर्गाची मध्यक श्रेणी. मग कठीण पेपरातल्या ‘बी प्लस’चे मोल पाहणाऱ्याला कळेल आणि आवडीचा विषय घेण्याचे धाडस गरिबाच्या मुलीलाही करता येईल. गुरुजनांनी याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.